अटी लागू

इंजिनिअरिंग संपवून लॉला जाणाऱ्या माणसाकडे आपल्या हॉस्टेलात कुठल्या नजरेनं बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. केटी लागलेल्यालासुद्धा एवढी सहानुभूती मिळत नाही! "अगं, मग एम-थ्री कशाला घासलंस?" हा प्रश्न मला मेसच्या रांगेत विचारला गेला, कपडे वाळत घालताना विचारला गेला आणि एकदा चक्क प्रोजेक्टच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनीसुद्धा विचारला. (सर, मार्क चांगले दिलेत, त्याबद्दल आभारी आहे.)

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी "प्रेरणादायी" लिहायला सांगितलं. प्रेरणा माझ्याकडे फारशी नाही. हिशेब आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात, हॉस्टेलच्या त्याच गच्चीवर उभी राहून, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी जाणाऱ्या विमानांच्या आवाजात मी तीन वर्षांच्या एलएलबीची फी कमी करून घेत होते. त्याची ही हकिकत. कुणाला उपयोग झाला तर उत्तम, नाहीतर मेसमधली डाळ येईपर्यंत वाचायला बरी.

आधी लॉ का, ते थोडक्यात सांगते. माझं घर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमची फर्स्ट इयरची परीक्षा मोबाईलवर उरकली होती आणि मी घरीच होते. आमचं घर उंचावर, ते वाचलं. काकांचं स्टेशनरीचं दुकान बाजारात, ते गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही आठवडाभर चिखल उपसला. वह्यांच्या रिमांचे लगदे झाले होते, ते घमेल्यानं बाहेर काढले. पण मला खरी आठवते ती त्यानंतरची गोष्ट. काकांनी दुकानाचा विमा उतरवला होता. पॉलिसीचे कागद अकरा पानांचे, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. घरात इंग्रजी वाचणारी मी. ते कागद मी ओट्यावर सुकवले आणि संध्याकाळी काकांना एकेक कलम वाचून दाखवलं. मालाची भरपाई मिळणार होती, पण माल किती होता ते दाखवणारी बिलं आणि वही पाहिजे होती. वही कुठे? मालाबरोबरच वाहून गेलेली! शेवटी घाऊक व्यापाऱ्याकडून बिलांच्या प्रती मागवल्या, तलाठ्यांचा पंचनामा जोडला, चार पत्रं लिहिली. मागितलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मिळालं. काका म्हणाले, "तू नसतीस तर हेही गेलं असतं." मला मात्र त्या उरलेल्या निम्म्याचीच चुटपुट लागून राहिली. कलमात एक "आणि" होता, तिथे "किंवा" असता तर काकांना सगळे पैसे मिळाले असते. एका शब्दावर एवढी रक्कम! आमच्या प्रोग्रॅममध्ये अँडच्या जागी ऑर पडला तर फक्त आउटपुट चुकतं.

पुढे बीईच्या प्रोजेक्टला आम्ही नदीची पातळी मोजून मेसेज पाठवणारं यंत्र केलं. (चिपळूणच्या मुलीनं दुसरं काय करायचं?) त्याचं पेटंट घ्यायचं का, असा विषय निघाला. तेव्हा कळलं की २०२१ च्या सुधारणेनंतर शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, आणि पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, वकिलीची लागत नाही. म्हणजे नुसता वकील पेटंट एजंट होऊ शकत नाही, इंजिनिअर होऊ शकतो. दोन्ही असेल तर अर्ज लिहिण्यापासून कोर्टात उभं राहण्यापर्यंत सगळं एकाच माणसाला करता येतं. ही माहिती मी रूममध्ये सांगितली तेव्हा आमची नागपूरकर रूमी म्हणाली, "म्हणजे तू एम-थ्री वाया नाही घालवलंस. मस्त. आता लाइट बंद कर."

बरं. परीक्षा दोन दिल्या. एक जानेवारीत, खाजगी विद्यापीठांसाठी असायची ती एलसॅट इंडिया. (ती २०२४ नंतर बंदच झाली, तेव्हा तिची पुस्तकं कुणी विकायला आलं तर घेऊ नका.) दुसरी मार्चमध्ये, आपल्या राज्याची तीन वर्षांच्या लॉची सीईटी. हिच्यात निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतूनही असतो, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. सेम सेव्हनची सबमिशन्स आणि तर्कशास्त्राची कोडी एकाच टेबलावर चालू होती. ते दिवस काही फार वेगळे नव्हते, तुम्हीही सगळे तसेच काढता.

एप्रिलअखेर पहिलं पत्र आलं. दिल्लीच्या बाजूचं एक विद्यापीठ, ट्यूशन फीत २५ टक्के माफी. मे महिन्यात दुसरं, पुण्याजवळच्या एका विद्यापीठाचं, ५० टक्के माफी! "अभिनंदन" असं सोनेरी अक्षरांत, खाली कुलगुरूंची सही. हॉस्टेलात अक्षरशः आरडाओरडा झाला. कँटीनमधून वडापाव आले, अर्थात माझ्या खर्चानं. बाबांना फोन केला. बाबा एसटीत वाहक. त्यांनी एकच विचारलं, "उरलेले पन्नास किती?"

हा प्रश्न मी तोपर्यंत स्वतःला विचारला नव्हता असं नाही, पण तो बाबांच्या आवाजात ऐकल्यावर त्याचं वजन वेगळं झालं. मग त्या रात्री बसून एक्सेल उघडलं. पुण्याजवळच्या विद्यापीठाची ट्यूशन फी वर्षाला ३ लाख, हॉस्टेल आणि मेस धरून आणखी दीड लाख. माफी फक्त ट्यूशनवर. म्हणजे वर्षाला दीड अधिक दीड, ३ लाख, तीन वर्षांचे ९ लाख. हे सगळं व्यवस्थित पार पडलं तर! कारण पत्राच्या दुसऱ्या पानावर, सोनेरी अक्षरं संपल्यावर, एक ओळ होती : दुसऱ्या वर्षापासून ही सवलत वर्गातल्या पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांनाच चालू राहील.

आता इथे चार वर्षांचं इंजिनिअरिंग कामाला आलं. वर्ग साठ जणांचा. फोन करून विचारलं, माफी किती जणांना दिलीय? समोरच्या बाईंनी मोकळेपणानं सांगितलं, बावीस जणांना. साठचे दहा टक्के सहा. म्हणजे ते सहाही जण आमच्या बावीसांतलेच निघाले तरी सोळा जणांची माफी दुसऱ्या वर्षी जाणार हे आजच ठरलेलं. आणि ते बावीस जण सगळे माझ्यासारखेच परीक्षेत चांगले मार्क मिळवून आलेले, कुणी झोपा काढायला आलेलं नाही. माफी गेली तर हिशेब असा : पहिल्या वर्षी दीड, मग तीन आणि तीन, वर हॉस्टेलचे साडेचार. १२ लाख. नऊ आणि बारा यांच्यात तीन लाखांचा फरक, आणि तो कुठल्या बाजूला पडेल हे माझ्या अभ्यासावर जेवढं अवलंबून, तेवढंच बाकीच्या एकवीस जणांच्या अभ्यासावर. बाबांचं इंजिनिअरिंगचं कर्ज अजून फिटायचं होतं.

हातात कँपसमधली एक नोकरीही होती. कंपनीनं ऑफर लेटर दिलं होतं, जॉइनिंगची तारीख मात्र तेवढी पुढे पुढे जात होती. त्यामुळे त्या बाजूनं मन अडकायचा प्रश्न कंपनीनंच सोडवला.

मुलुंडला माझी मावशी राहते. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायची. अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपर आणि तिथून लोकल. मावशीच्या शेजारी एक वकीलकाका आहेत, मुलुंड कोर्टात त्यांची तीसेक वर्षांची वकिली. त्यांच्यापुढे मी दोन्ही पत्रं ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान न बघता थेट दुसरं उघडलं. (मला तिथेच ते आवडले.) म्हणाले, "टक्के वाढवून माग, पण टक्क्यांसाठी भांडू नकोस. ही अट बदलून माग. आणि जे काय देतील ते फोनवर नको, लेखी घे. फोनवर सगळे गोडच बोलतात."

"पण मागायचं कसं काका? ते देणारे, आपण घेणारे."

"असं तुला वाटतंय. त्यांनी साठ जागा भरायच्या आहेत. तू ग्राहक आहेस, ऋणको नव्हेस."

मला ते तेव्हा पटलं नाही. आपल्या घरांत शिष्यवृत्ती म्हटलं की प्रसादासारखी ओंजळ पुढे करायची असते, त्यात घासाघीस म्हणजे उद्धटपणा. मंडईत भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी आपली माणसं लाखाच्या फीपुढे मान खाली घालून उभी राहतात. म्हणून मी त्या आठवड्यात जरा वाचलं, की आपल्याकडे कायदा शिकायला गेलेल्या लोकांनी पैशांचं काय केलं होतं. आणि काय सांगू, तिथेही सगळीकडे दुसरं पान होतंच!

डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी. त्याआधी त्यांनी करारपत्रावर सही केली होती, परत आल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करीन म्हणून. पुढे लंडनला जाऊन त्यांनी १९१६ साली ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. मुदत वाढवून मागितली, ती थोडीच मिळाली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परत येण्याआधी मात्र त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. बडोद्यात नोकरीला गेले तर जातीपायी राहायला जागा मिळेना, हे तर आपण शाळेपासून वाचलेलं आहे. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे, असं सगळं जमवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले. ती परवानगीची गोष्ट मी तीनदा वाचली. माणूस नाइलाजानं निघतोय, खिशात पैसे नाहीत, आणि तरी दार उघडं राहील असा कागद करून निघतोय.

त्याच ग्रेज इनमध्ये त्यांच्या दहा वर्षं आधी नाशिकचे विनायक सावरकर गेले होते, १९०६ साली, श्यामजी कृष्ण वर्मांच्या शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीनं. तिथली अट नेमकी उलट, इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही! म्हणजे एकाची अट "आमची नोकरी कर" आणि दुसऱ्याची "त्यांची करू नकोस". आणि नाशिकमध्येच १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, त्यांची गोष्ट तर वेगळीच. डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती गुणांवर त्यांचीच होती, पण मुलगी म्हणून नाकारली. म्हणजे अट छापलेलीसुद्धा नव्हती! शेवटी इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यातून त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! आपण सर्टिफिकेटसाठी तीन आठवडे थांबलो तर एक्झाम सेक्शनच्या नावानं बोटं मोडतो.

असो. माझी घासाघीस या लोकांच्या पासंगाला पुरणारी नाही, पण धीर आला एवढं खरं.

मेल लिहायला आख्खा मजला बसला. इलेक्ट्रॉनिक्सवालीनं विनवणीचा मसुदा लिहिला, "माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची" वगैरे. तो मी काढून टाकला. घरची परिस्थिती हलाखीची नव्हती, तंगीची होती आणि ती त्या विद्यापीठाची डोकेदुखी नव्हतीच. त्यांना काय हवंय ते लिहायचं ठरलं. मी लिहिलं : तुमच्याकडे बौद्धिक संपदेचा विभाग आहे, मी इंजिनिअर आहे, पेटंट एजंटची परीक्षा शिकतानाच देणार आहे. मला तुमच्याकडे यायचं आहे. माझ्याकडे दुसऱ्या विद्यापीठाचीही ऑफर आहे. माझ्या दोन मागण्या : पहिल्या दहा टक्क्यांऐवजी ठरावीक ग्रेडची अट ठेवा, म्हणजे माझी माफी माझ्या मार्कांवर राहील, इतरांच्या नाही. आणि जागा राखण्याची फी भरायची तारीख राज्याची पहिली प्रवेशयादी लागेपर्यंत पुढे द्या. बस्स. पंधरा ओळी. खोटं एक अक्षर नाही. दिल्लीकडच्यांनाही तसंच, त्यांच्या टक्क्यांपुरतं.

दिल्लीकडून चार दिवसांत उत्तर आलं, २५ चे ४० केले. पुण्याकडून फोन आला. गच्चीवर धावले, कारण रूममध्ये रेंज नाही हे तुम्हाला माहीतच आहे. साहेब फार गोड बोलले. "बेटा, तुमच्यासाठी आम्ही साठ टक्के करतो. अटीची काळजी करू नका, तुमच्यासारखी मुलं टॉपलाच असतात. पण उद्यापर्यंत पन्नास हजार भरून सीट ब्लॉक करा."

एक विमान गेलं. ते जाईपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला. मी म्हटलं, "सर, साठ टक्क्यांबद्दल मनापासून आभार. अटीचं तेवढं मेलवर लिहून द्याल का?"

"ती पॉलिसी आहे. ती बदलता येत नाही."

"मग तारीख तरी?"

दहा दिवस वाढवून मिळाले. मेलवर, लेखी. साठ टक्केही लेखी. अट जागची हलली नाही.

पुन्हा एक्सेल. साठ टक्के ऐकायला छान वाटतात. प्रत्यक्षात वाढलेल्या दहा टक्क्यांचे वर्षाला तीस हजार. तिन्ही वर्षं टिकली तर ८ लाख १० हजार, पहिल्यानंतर गेली तर ११ लाख ७० हजार. म्हणजे टक्का वाढला तशी दोन्हींतली दरी तीनाची साडेतीनाच्या वर गेली. माफी जितकी मोठी, तितकं ती गेल्यावरचं नुकसानही मोठं. वकीलकाका टक्क्यांसाठी भांडू नको का म्हणत होते, ते आकड्यांत दिसलं.

आणि मधेच, ८ जुलै २०२४ ला, महाराष्ट्र शासनाचा निर्णय आला. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही माफी निम्मी होती. आम्ही कुणबी, ओबीसीत येतो. बाबांचा पगार मर्यादेच्या आत. मी तो शासननिर्णय त्या पॉलिसीसारखाच वाचला, दुसऱ्या पानापासून. इथेही अटी होत्याच. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता, अधिवास, सगळं पाहिजे. पण एक अट कुठेच नव्हती, ती म्हणजे शेजारी बसलेल्या मुलीला मागे टाकायची.

आता गंमत अशी की यादी लागायला अवकाश होता आणि पुण्याचे दहा दिवस संपत आले होते. यादीत नावच आलं नाही तर? पन्नास हजार भरले आणि यादीत नाव आलं तर? इथे मला आणखी एक कागद सापडला. विद्यापीठ अनुदान आयोगाचं २०२४-२५ साठीचं परिपत्रक होतं, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. मी ते छापून मावशीकडे घेऊन गेले. मावशीनं तिच्या भिशीचे पैसे आलेले होते ते दिले. वर म्हणाली, "कागदावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे." वकीलकाकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "उलटं ठेव ताई, कागदावर ठेव."

तेवढ्यात बाबा चिपळूणहून आले, दाखल्यांची पिशवी घेऊन. रात्रीच्या गाडीनं, स्वतःच्याच डेपोच्या. हॉस्टेलच्या व्हिजिटर्स रूममध्ये त्या हिरव्या बाकावर बसून मी त्यांना एक्सेल दाखवलं. बाबांनी लॅपटॉपकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, तुला कुठे जायचंय? पैसे बाजूला ठेव."

खरं सांगू? मला पुण्याजवळ जायचं होतं. तिथलं ग्रंथालय, तिथला मूट कोर्टाचा हॉल, हिरवळ... माहितीपत्रकातले फोटो मी पाठ केले होते. मी ते सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी ओव्हरटाइम करीन. पण दुसऱ्या वर्षी तुझं काय होईल याचा घोर तुला पहिल्या दिवसापासून लागंल. तसा अभ्यास होतो का?" मग पिशवीतून दाखले काढून त्यांनी एकेक बाकावर मांडले, तिकिटांच्या हिशेबाला बसतात तसे. त्या हिशेबात मला हिरवळ दिसेना.

यादी लागली. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज हे माझं पहिलं नाव. १८५५ सालचं, जिथे आंबेडकर प्राचार्य होते ते. ते थोडक्यात हुकलं. दुसऱ्या नावाला नंबर लागला, पार्ल्यातल्या एका कॉलेजात. हॉल नाही, हिरवळ नाही, वर्गात पंखे आहेत. माफी वजा जाता वर्षाला भरायचे राहतात ते इतर शुल्काचे पंधरा हजार. पुण्याला आणि दिल्लीला आभाराची पत्रं लिहिली. ती लिहिताना वाईट वाटलं, लपवत नाही. पन्नास हजार सप्टेंबरात पूर्ण परत आले, तीन मेल आणि चौथ्याला जोडलेल्या त्या परिपत्रकाच्या प्रतीनंतर. मावशीची भिशी पोचती झाली.

प्रवेशाची तयारी म्हणाल तर दाखल्यांच्या चार-चार प्रती, अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र आणि राहायची सोय. हॉस्टेल सोडावं लागलं, मुलुंडला मावशीच्या हॉलमध्ये माझा पलंग आला. रोज मुलुंड ते घाटकोपर लोकल, घाटकोपर ते अंधेरी मेट्रो, पुढे एक स्टेशन मागे येऊन पार्ले. संध्याकाळी अंधेरीत उतरून बारावीच्या दोन मुलांना गणित शिकवते. म्हणजे एम-थ्री नाही, पण गणित सुटलेलं नाही!

पुस्तकांची तेवढी फजिती झाली. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर भारतीय दंड संहितेची जुनी पुस्तकं ढिगानं, निम्म्याहूनही कमी किमतीत. मी खूश! पुस्तकवाला स्वतःच म्हणाला, "ताई, एक जुलैपासून कायदा बदलला ना, म्हणून स्वस्त आहे." खरंच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. कोड्यातल्यासारखं झालं, आमची बॅच नवा कायदा शिकणार आणि शिकवणारे सर जुन्याची कलमं तोंडपाठ असलेले. तरी मी एक जुनं घेतलंच. वकीलकाका म्हणाले होते, एक जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्यानं चालतील, आणि आपल्या कोर्टांचा वेग बघता ते पुस्तक तुझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल.

आता शेवटी कामाचं. गेल्या दोन वर्षांत हॉस्टेलातल्या पाच-सहा जणींनी मला त्या मेलचा मसुदा मागितला. कुणी एमबीएसाठी, कुणी जर्मनीच्या एमएससाठी. त्याची एक प्रत मी रेक्टर मॅडमच्या ऑफिसात ठेवली आहे, विद्यापीठाचं नाव काळ्या शाईनं खोडून. सोबत एक्सेलची प्रिंट आहे, तिच्यात तुमचे आकडे घाला. शासननिर्णय आणि परिपत्रकं दरवर्षी नवी येतात, ती मात्र ज्याची त्यानं त्या वर्षाची शोधायची. आणि हो, पत्राचं पहिलं पान रेक्टर मॅडमनी नोटीस बोर्डावर लावलंय. ते मी लावू नका म्हटलं होतं.